फुलवंताबाईनं बुडवलेला हरभरा

फुलवंताबाईचा राग पार रनाळ्यापर्यंत माहीत होता. रेशनवाल्यानं मापात खोट केली, तेव्हा तिनं ते मापच उचलून विहिरीत टाकलं होतं. तिचं सासर-माहेर एकाच गावातलं, त्यामुळे धाक दोन्ही घरांना.

गावच्या तळ्यावर थंडीत रानबदकं नि हंस उतरतात. पूर्वी पाणी ओसरलं की लोक तळ्यातच नांगर घालायचे. मग खायला काही न उरलेली पाखरं शिवारात शिरून कोवळा गहू-हरभरा खुडायची. फुलवंताबाईचं शेत काठालाच. तिनं ग्रामसभेत भांडून ठराव करून घेतला: दिवाळीनंतर तळ्याच्या बांधातल्या मोरीला पाणी अडवायला लावलेल्या फळ्या एकेक करून काढायच्या, पाणी हळूहळू उतरवायचं, म्हणजे काठाला आपोआप उगवून, पिकून गळलेलं देवधान, म्हणजे रानभात, पाखरांना उथळ पाण्यात वेचता येईल. होळीपर्यंत तळ्यात नांगर नाही.

दोन हिवाळे शिवार शाबूत राहिलं. तिला पाखरांचा लळाही लागला, पण ते ती कबूल करायची नाही.

तिसऱ्या वर्षी ती मुलीच्या बाळंतपणाला नवापूरला गेली. मागे तिच्या धाकट्या भावानं, दलसिंगनं, सगळ्या फळ्या एकदम काढल्या. तळं रिकामं झालं, ट्रॅक्टर फिरला, देवधान मातीखाली गेलं. ती परतली तेव्हा तिथं दलसिंगचा हरभरा बोटभर वर आला होता.

ती तडक त्याच्या गोठ्याशी गेली.

"फळ्या कोनी काढ्यात?"

"मी काढ्यात, आक्का. गाळनी जमीन फुकट पडी ऱ्हायनी."

"ठराव व्हयना तवय तू बी हात वर करेल व्हता."

"पाखरं काय तुले पोसतस?"

तिनं गोठ्याला टेकवलेल्या फळ्या त्याच्यासमोर डोक्यावर घेतल्या, मोरीत बसवल्या, फटी चिखलानं लिंपल्या. वरच्या ओढ्याला अजून धार होती. पाणी चढत गेलं, हरभरा पिवळा पडला आणि कुजला.

गाव तिच्यावरच उलटलं. सरपंच जमनाबाई म्हणाली, "अन्न बुडावं तू, बाई. इतला राग बरा नही."

"त्यानी पाखरंसनं अन्न गाडी टाकं, तवय कोनी बोलनं नही."

त्या हिवाळ्यात तळ्यावर थोडीच पाखरं टिकली. बाकीची शिवारात शिरली आणि फुलवंताबाईचा अर्धा हरभरा खाऊन गेली. पाखरांना ती एक शब्द बोलली नाही. भावाचं नाव मात्र दिवसभर तिच्या तोंडात होतं, आणि चांगल्या शब्दांत नव्हतं.

उरलेलं पीक काढल्यावर तिनं हरभऱ्याची टोपली भरली आणि दलसिंगच्या ओट्यावर नेऊन ठेवली. भावजय म्हणाली, "बठा ना, चहा टाकस."

"पोरंसकरता शे. मन्हा राग गया नही."

दलसिंग आत खाटेवर होता. तिनं हाक मारली नाही, त्यानंही नाही.

त्यानंतर ठराव कोणी मोडलेला नाही. ती दोघं मात्र अजून बोलत नाहीत.