समोरचा सायबरवाला

माझ्या सायबर कॅफेत नवे कॉम्प्युटर, एसी, सगळं आहे! तरी गर्दी समोरच्याकडे. त्याच्याकडे मशीन रडतखडत चालतात, पण हा "बसा हो, बसा" म्हणत टेबलफॅन गिऱ्हाइकाकडे वळवणार. परवा मुंबईहून एक कंपनीवाला आला, जाहिराती पाठवायला गिऱ्हाइकांचे ईमेल पत्ते मागत. मी लगेच दिले. मग त्याच्यामागून समोर गेलो.

समोरचा म्हणाला, "विचारून सांगतो."

मी म्हणालो, "अहो, विचारायलाच हवं असा आपल्याकडे कायदाच नाही!"

"नसू दे. पत्ते त्यांचे आहेत ना?"

आणि खरंच एकेकाला विचारत बसला, येडा!

आज अब्बांची कुवेतची मेल वाचायला अम्मीसुद्धा त्याच्याकडे निघाली.

"अम्मी, आपलं दुकान इकडे!"

"माहीत आहे रे," ती न थांबता म्हणाली, "पण तो विचारतो."