जल्लादाला मिळालेलं बापाचं काम

नाटकमंडळींत त्याला सगळे जल्लाद म्हणत. रंगमंचावर गळे दाबण्यात आणि सुनांना घराबाहेर काढण्यात त्याची उभी हयात गेली होती. माणूस म्हणजे गरीब गाय. पण भाजीवालीसुद्धा त्याच्याशी हुज्जत घालायला कचरायची. खोटं कशाला बोला, त्याला या दराऱ्याचं कौतुकच वाटे.

आणि आता उतारवयात दिग्दर्शकाने त्याला प्रेमळ बापाचं काम दिलं. शेवटच्या प्रवेशात घर सोडून निघालेल्या मुलीच्या डोक्यावर त्याने नुसता हात ठेवायचा, बस्स. पण तालमीत त्याने हात उचलला की विंगेतली मंडळी फिदीफिदी हसत. शेवटी दिग्दर्शकाने त्याला बाजूला घेतलं.

"हात डोक्यावर येतोय की मानेवर, तेच कळत नाही हो. सोमवारपर्यंत जमवा, नाहीतर मला दुसरा बाप बघावा लागेल."

खलनायकाच्या कामांना आता तरणी पोरं मिळत होती. हेही काम हातचं गेलं, तर पुन्हा त्याला कुत्रं विचारणार नव्हतं.

घरी लेक माहेरपणाला आली होती. तिला तालमीला उभं करायची त्याची जुनी खोड. ती लहान असताना शाळेतून आली की हा दाराआडून नव्या भूमिकेत हात उगारून तिच्या अंगावर धावून जायचा, आणि ती दचकली की काम जमलं म्हणून खूश व्हायचा. बायको चिडायची, "अहो, लेकरू आहे ते." तो म्हणायचा, "तिला माहीत आहे, नाटक आहे."

"जरा समोर उभी राहतेस?" तो म्हणाला.

लेक भांडी विसळत होती. ओले हात पुसून ती उभी राहिली. त्याने अगदी जीव ओतून हात उचलला. तिचे डोळे गच्च मिटले, खांदे वर गेले.

"अगं, प्रेमळ बाप आहे हा," तो कसनुसं हसला.

"माहीत आहे, बाबा." तिने डोळे उघडले नाहीत. "पण तुम्ही हात उचललात की आज कोण आलंय, ते मला कधी कळायचंच नाही. अजून नाही कळत."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवार, दिग्दर्शक, सगळं डोक्यातून गेलं. त्याने हात खाली घेतला.

"मी आहे गं," तो म्हणाला. "बाबा."

मग त्याने हात ठेवला. तिचे खांदे खाली यायला बराच वेळ लागला.