टेंट – १

शनिवार, १३ डिसेंबर. हजर: बाबूजी म्हणजे माझे सासरे, माझा नवरा, नणंद आणि मी. ठिकाण: अर्जुनी मोरगावच्या पुढे, टेकड्यांच्या पायथ्याचा तलाव आणि त्याला लागून नणंदेचं धान कापून झालेलं शेत.

मुक्काम बाबूजींसाठी होता. खुब्याच्या ऑपरेशननंतर चार महिने ते गोंदियाजवळच्या कुडव्याच्या घरात छताकडे बघत पडून होते. त्यांनी मागितलं एकच: तलावाकाठी, उघड्या आभाळाखाली एक रात्र. तरुणपणी ते तिथे धानाची राखण करत. डॉक्टर म्हणाले, झोपू द्या, पण कान झाका.

यादी मी केली. खाट, दोन रजया, कानटोपी, सोळा पोळ्या. आम्हा तिघांसाठी 'टेंट – १'. ती ओळ नवऱ्याकडे दिली. चूक तिथेच झाली. तंबू लिहायला हवं होतं. गोंदियात टेंट सांगायचा तो टेंट हाऊसवाल्याला, आणि तो मांडवच घालतो.

चारला पोचलो तेव्हा शेतात लग्नाचा मांडव उभा होता. गुलाबी छत, झालरी, साठ खुर्च्या, नवरा-नवरीचा सोफा आणि कमानीवर 'शुभ विवाह'.

"तू टेंट लिवलं, मी टेंट सांगतलं," नवरा म्हणाला.

टेंटवाला खूश होता. "भैया बोले, बुजुर्ग के लिए है. सोफा हमने अपनी तरफ से डाला."

बाबूजींनी वर पाहिलं. "आभाळ कोठी हाये?"

मी खाट उचलून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मांडवापासून लांब टाकायला लावली. बाबूजी आडवे झाले, कानटोपी चढली. काम झालं असं मला वाटलं. तेवढ्यात कमान पाहून गावातली माणसं येऊ लागली. आली ती खुर्च्यांवर बसली.

"नवरी कोठी हाये?" एका बाईनं विचारलं.

"नवरी नाई. बाबूजीले झोपवाले आनलं," नणंद म्हणाली.

"मंग मांडव कायले?"

उठलं मात्र कोणी नाही. नणंदेनं घरून मोठा गंज, म्हणजे पातेलं, आणून भात चढवला.

बाबूजी पाळीवरून उठले. "बाबूजी, पडून राहा ना," मी म्हटलं.

"मांडवात पाव्हने बसून राहिले, अन् घरचा मोठा माणूस खाटेवर पडन?" काठी टेकत ते कमानीपाशी गेले आणि प्रत्येकाला हात जोडून 'या, बसा' म्हणू लागले. कोणाचं लग्न, हे त्यांनीही विचारलं नाही.

पंगतीत त्यांच्या राखणीच्या दिवसांतला सोबती भेटला. पाळीवरची खाट पाहून तो माझ्यावरच तापला. "अवो बाई, बुढ्याले दवात झोपवता? मी जित्ता असताना?" जुन्या सोबत्याला नाही म्हणणं बाबूजींना जमलं नाही. जेवण होताच तो त्यांना आपल्या पक्क्या घरी घेऊन गेला आणि दार-खिडक्या लावून त्यानं त्यांना झोपवलं. आम्ही तिघं साठ खुर्च्यांमध्ये झोपलो.

सकाळी बाबूजी परतले. झोप कशी लागली, मी विचारलं.

"झोप लागली. पन हे धरू नको."

धरलं नाही. यादीतल्या 'बाबूजी, आभाळाखाली, एक रात्र' या ओळीपुढे अजून खूण नाही. तंबू आता मिळाला आहे. त्या सोबत्याच्या घरावरून न जाता तलावावर पोचायचा रस्ता तेवढा शोधायचा आहे.