इंडिकेटरचे फोटो काढणारा क्लिफर्ड

क्लिफर्ड एन्टविसल जन्मापासून ठार बहिरा. आमच्या ऑर्म्सली गावात त्याने चाळीस वर्षं सोफे आणि खुर्च्या मढवल्या. माझ्या आईच्या खुर्चीला त्याने घातलेली गादी आई गेली तरी बसलेली नाही. मी स्टेशनच्या तिकीट खिडकीत होते तेव्हा तो दर बुधवारी यायचा, काचेवर दोन बोटं आपटायचा, आणि मी त्याच्या गाडीची वेळ, फलाट आणि कुठल्या डब्यात बसायचं ते चिठ्ठीवर लिहून द्यायची. आमची गाडी पुढच्या जंक्शनला तुटते. पुढचे डबे समुद्राकडे मार्शमला जातात, मागचे डोंगराकडे. मागे बसलात की दिवस गेला.

मार्शमच्या वृद्धाश्रमात त्याची बहीण एनिड होती. तीही बहिरी. दोघं लहानपणी एकाच निवासी शाळेत होती. तिथे हातांनी बोललं की हातावर पट्टी बसायची. ओठ हलवून बोला, म्हणे. ही दोघं जेवणाच्या टेबलाखाली एकमेकांच्या तळव्यावर बोटं फिरवून बोलायची. पुढे एनिडने लग्न केलं नाही, क्लिफर्डची बायको लवकर गेली, आणि आयुष्यभर दोघांना दोघंच उरली. वृद्धाश्रमातल्या बायका भल्या होत्या, पण एकीलाही हातांची भाषा येत नव्हती. म्हणजे एनिड आठवड्यातून एकदाच बोलायची, बुधवारी.

त्याने मलाही थोडी भाषा शिकवली. माझे हात जाड, चुका फार. तो हसून म्हणायचा, "ग्लेनिस, तू बोबडी आहेस."

दोन वर्षांपूर्वी खिडकी बंद झाली. मला नारिंगी जाकीट दिलं आणि सांगितलं, फिरत राहा, सगळी माहिती इंडिकेटरवर आहे. होती, पूर्वी. आता सात सेकंद गाडी दिसते. मग वीस सेकंद सूचना: ‘काही वावगं दिसतंय? गप्प बसू नका, आम्हाला कळवा.’ मग बेवारस सामान. मग तुमच्यावर कॅमेऱ्यांची नजर आहे. मग पुन्हा सात सेकंद गाडी, आणि त्यातही थांब्यांची नावं सरकत जाणारी. मी घड्याळ लावून मोजलं आणि साहेबांकडे गेले.

"रॉय, लोक इथे गाडी पकडायला येतात. चोर पकडायला नाही."

"वरून येतं ते, ग्लेनिस. माझ्या हातात काय आहे?"

"निदान गाडीला वीस सेकंद दे आणि चोराला सात."

"चहा घे आणि फलाटावर जा बघू."

ज्यांना ऐकू येतं त्यांचं भागायचं, भोंग्यावरून कळायचं. क्लिफर्डला वाचायलाही वेळ लागायचा. हातांची भाषा त्याची, इंग्रजी शाळेने कोंबलेली. सात सेकंदांत त्याचं एक नाव वाचून व्हायचं नाही तोवर पडदा चोरांकडे गेलेला. मग त्याने आपल्यापुरता तोडगा काढला. इंडिकेटरसमोर फोन धरून उभा राहायचा, गाडी आली की फोटो काढायचा, आणि बाकावर बसून दोन बोटांनी मोठा करून सावकाश वाचायचा. फलाट बदलला असेल तर, म्हणून परत एक फोटो. परत एक. मला कौतुक वाटायचं. या वयात डोकं चालवतोय, म्हणायची मी.

मार्चमधला शुक्रवार. बुधवार नसताना तो आला तेव्हाच मी समजले. त्याने वृद्धाश्रमाचा निरोप दाखवला: एनिड आज जाईल असं वाटतं, लवकर या. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"ती एकटी आहे," तो हातांनी म्हणाला. "तिला काही सांगायचं असेल तर कुणाला सांगेल?"

"अकरा वाजून बाराची आहे. फलाट दोन. पुढचे डबे," मी सांगितलं. तेवढ्यात मला चार नंबरवर बोलावलं, एक बाई चाकाच्या खुर्चीत होत्या, त्यांना डब्यात चढवायला फळी लावायची होती. मी गेले. त्याला सोबत घेऊन गेले असते तर? हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

मी फळी लावत असताना भोंग्यावर फलाट बदलल्याचं सांगितलं, दोनचा तीन झाला. क्लिफर्डने लोकांना पुलाकडे पळताना पाहिलं आणि फोन घेऊन इंडिकेटरखाली उभा राहिला. पडद्यावर बेवारस सामान होतं. मग कॅमेरे. त्याच्या मागे बाकावर बसलेल्या एका बाईने बघितलं: म्हातारा घामाघूम झालाय, इकडेतिकडे बघतोय, फोटोमागून फोटो काढतोय. तिने पडद्यावर लिहिलं होतं तेच केलं. कळवलं.

दोन पोलीस मागून आले. हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही. परत मारली. मग एकाने दंड धरला. क्लिफर्ड दचकला आणि समजावून सांगायला लागला, म्हणजे हात हलवायला लागला, जोरजोरात, कारण घाई होती. तरुण पोलिसाने त्याची दोन्ही मनगटं धरली. "हात खाली, सर. शांत व्हा." फोन तपासला तर महिन्यामहिन्यांचे फोटो, सगळे याच स्टेशनच्या इंडिकेटरचे. घड्याळाचेही. आता बोला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फरक इतकाच की इथे चोर नव्हताच.

मी पुलावरून खाली आले तेव्हा तीन नंबरवरची गाडी सुटत होती.

"अहो, बहिरा आहे तो!" मी ओरडले. "सोडा त्याचे हात. हात धरल्यावर तो बोलणार कसा?"

पोलिसाने लगेच सोडलं. पोर वाईट नव्हतं, कानापर्यंत लाल झालं. "माफ करा. आम्हाला निरोप आला होता, बघावं लागतं."

"बघा ना. तुम्ही बघा. त्याला काय बघायला मिळतं तेही एकदा बघा."

पुढची गाडी रद्द होती. त्यानंतरची एक वाजून बाराची. दुष्काळात तेरावा महिना. मी टॅक्सीला फोन केला, पाऊण तास लागेल म्हणाले, पण ती आलीच नाही, शेवटी गाडीच आधी आली. तो जवळजवळ दोन तास बाकावर बसून होता, हात मांड्यांखाली घालून. मी शेजारी बसले.

तो पोचला त्याच्या पंचवीस मिनिटं आधी एनिड गेली.

आठवड्याने तो अंत्यसंस्काराला निघाला. या वेळी मी रजा टाकून बरोबर होते, पुढच्या डब्यात. जंक्शन गेल्यावर तो माझ्याकडे वळला आणि सांगायला लागला.

शेवटपर्यंत वृद्धाश्रमातली एक बाई एनिडजवळ बसून होती. तिने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: त्रास काही झाला नाही, फक्त सकाळपासून हात सारखा गालाकडे जायचा. खाजतंय वाटून आम्ही मलम लावलं. तरी थांबेना, म्हणून मग मी तिचे दोन्ही हात हातात घेऊन बसले. ती चिठ्ठी त्याने माझ्यापुढे धरली.

"हात कसा जायचा, ते विचारलंस?" मी म्हटलं.

"करून दाखवलं तिने." क्लिफर्डने बोटं गालावर टेकवली आणि दोनदा हळूच खाली ओढली.

मला तो शब्द येत नव्हता. काय ते, मी विचारलं. त्याने माझ्या पिशवीतली बाटली काढून मांडीवर ठेवली आणि मला तो शब्द परत एकदा करून दाखवला. पाणी.