वांग आयी

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घोडेगावच्या स्टँडवर माझी बॅग एसटीत चढवली तो शुक्रवार होता. जनावरांचा बाजार भरलेला, रस्त्यावर टेम्पोंची रांग, कुणाचं कुणाला ऐकू येईना. दादा खिडकीपाशी येऊन ओरडले, "करमलं न्हाई तर लगीच माघारी ये. लोकांचं मी बघून घेतो."

मी चीनमधल्या चंगदू शहरात योग शिकवायला चालले होते. चोवीस वर्षांच्या पोरीचं लग्न करायचं सोडून हे काय, असं सगळ्या भावकीचं म्हणणं. दादा मात्र ठाम राहिले. म्हणूनच तिथं गेल्यावर जीव रमेना, हे मी त्यांना सांगू शकले नाही.

वर्गात ठीक चालायचं. 'श्वास घ्या', 'सोडा', 'गुडघा वाकवा' एवढं चिनी पाठ होतं. वर्ग सुटला की तोंडाला कुलूप. अकराव्या मजल्यावरच्या खोलीत वरणभात शिजवायचा आणि मोबाईलकडे बघत खायचा. महिना झाला आणि मी परतीचं तिकीट शोधायला लागले.

त्याच आठवड्यात, एका संध्याकाळी, इमारतीखालच्या चौकात पन्नाशी-साठीच्या बायका गाणं लावून रांगेत नाचत होत्या. मी कडेला उभी. त्यांतली एक आखूड केसांची, बुटकी बाई जवळ आली आणि म्हणाली, "जेवलीस का?"

एवढं मला कळलं. मी खरं ते सांगितलं, "नाही."

ती गोंधळली. तिकडं हा प्रश्न आपल्या 'काय, बरंय ना?'सारखा असतो, 'हो' म्हणून पुढं जायचं, हे मला कुठं ठाऊक! पण तिनं क्षणभरच विचार केला, माझं मनगट धरलं आणि नाच अर्धा सोडून मला घरी नेलं.

मांस खात नाही, हे मी मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं. तिनं पालेभाजी घालून नूडल्स केल्या, वर मिरचीचं लाल तेल. झणझणीत खाणाऱ्या नगरची असूनही माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटलं मी रडतेय. ती पाठीवरून हात फिरवायला लागली आणि मग मी खरंच रडले.

तिचं आडनाव वांग. आईच्या वयाच्या बाईला तिकडं 'आयी' म्हणतात, आपल्या मावशीसारखं. सगळे तिला वांग आयी म्हणायचे. माझ्या तोंडून मात्र ते निघेना. परक्या बाईला आई कसं म्हणायचं? शेवटी फोनवर आईलाच विचारलं. ती हसायला लागली.

"म्हन की! एक आई वाढली म्हनून माझं काय कमी व्हनार हाय?"

दुसऱ्या दिवशी चौकात मी जोरात हाक मारली. मग नाचाच्या रांगेत शिरले. महिन्याभरात त्या बायकांना फुगडी शिकवली. दोघी आपटल्या, पण हसत उठल्या. तिकीट शोधायचं कधी राहून गेलं, आठवतही नाही.

आता दोन वर्षं झाली. गेल्या सुट्टीत घोडेगावहून निघताना सहज बोलून गेले, "घरी पोचले की फोन करते." बोलल्यावर जीभ चावली. आई शेंगदाण्याची चटणी भरत होती. तिनं मान वर केली नाही.

"कर," ती म्हणाली आणि दुसरा डबा माझ्यापुढं सरकवला. "अन् ह्यो तुझ्या वांगबाईला दे."