एकच लाइन

डिझेलचा वास आला, की इचोड्यातलं ट्रकांच्या रांगेसमोरचं ते एसटीडी बूथ आठवतं. तिथल्या कॉम्प्युटरवर मी मित्रांना माझा नवा प्रोग्रॅम दाखवत होतो. वेबसाइटचं नाव टाकलं, की तो इंटरनेटवरून तिचा नंबर, म्हणजे तिचा तिथला पत्ता, शोधून द्यायचा. हैद्राबादला गेलेल्या पोराच्या फोनची वाट पाहत बसलेली एक म्हातारी म्हणाली, "माह्या पोराचं नाव टाक ना बाबू, त्याचा नंबर काहाडून दे." आम्ही खो खो हसलो. मी नाव टाकलं आणि आलेली इंग्रजी ओळ मोठ्यानं मराठीत सांगितली, "असा कोणी नाही." "हाय ना बाबू, माहा पोरगा हाय," असं पुटपुटत ती उठून गेली. आजही मान वर होत नाही; बूथमध्ये फोनची लाइन एकच होती, आणि ती दुपारभर माझ्या इंटरनेटसाठी त्या कॉम्प्युटरला जोडलेली होती.