चोरासाठी लावलेला खोटा आकडा

भडक्याचं डोकं लहानपणापासून गरम. शाळेत पेन्सिल चोरली म्हणून त्याने एकाचा दात पाडला होता, आणि पुढे वेबसाइटी बनवायला लागला तरी हात तसेच शिवशिवायचे. त्याने एक कामाचं पान केलं होतं. ओझ्याचं वजन टाकलं की ते उचलायला किती जाड पोलादी दोर लागेल ते कळायचं. सगळा हिशेब वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये व्हायचा, त्यामुळे कोड उघड्यावरच. एका बहाद्दराने तो जसाच्या तसा उचलून स्वतःच्या नावाने चालवला. भडक्याने त्याच्या ऑफिसात जाऊन त्याचं तोंड टेबलावर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली तरी तो हसतच होता.

"मार, मार. उघडी वस्तू आहे, कोणीही उचलेल."

भडक्याने मग कोडातली नावं पुसली, ओळींचा गुंता केला. तेवढ्याने राग शमेना, म्हणून सापळाही लावला: पान भडक्याच्या वेबसाइटच्या पत्त्याशिवाय दुसरीकडून उघडलं, तर गरजेपेक्षा बारीक दोर सांगायचं.

"अरे, बंदच पडू दे ना. खोटं कशाला?" बायको म्हणाली.

"बंद पडलं तर दुरुस्त करेल. त्याच्या गिऱ्हाइकांनीच त्याला तुडवला पाहिजे!"

बारा दिवसांनी एका कारखान्यात दोर तुटला. दोन टनांचं यंत्र भडक्याच्या ताईच्या नवऱ्यावर कोसळलं आणि दोन्ही पाय गुडघ्याखाली चिरडले. पाय कापावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी हॉस्पिटलात शुद्धीवर आले.

"दोर जरा बारीकच वाटला रे. पण म्हटलं, मेव्हण्याचा आकडा आहे, चुकायचा नाही."

"माझ्याच पानावर बघितलं ना?"

"तुझंच. शेडमध्ये नेट सारखं जातं, म्हणून गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं."

 उतरवलेल्या पानाला भडक्याच्या वेबसाइटचा पत्ता कुठून असणार? चोरासाठीचा सापळा भावजींवरच चालला होता. भडक्या गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं, पण त्याला ते जमलं नाही. त्याने सापळ्याचं सगळं सांगितलं.

ताईने आधी थोबाडीत मारली, मग हाताला लागलेली स्टीलची बाटली घेऊन त्याला बडवत सुटली. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. भडक्याने हात वर केला नाही. आज तिने जीव घेतला असता तरी त्याला चाललं असतं.

"अगं थांब!" भावजी ओरडले. "त्याला फोन करू दे. मी ते पान आणखी सहा शेडवाल्यांना दिलंय."

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून गेले होते. सगळ्या शेडांत कामाची पाळी आठलाच सुरू होते.